गालावरचा निळा डाग हे पदक नव्हे

गोंदियाला गाडी पहाटे पोचली. स्टेशनबाहेरून आमगावच्या बाजूला जाणारी काळीपिवळी पकडली आणि खिडकीजवळ दाटीवाटीने बसले. शेजारच्या बाईने आधी माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, मग पुन्हा गालाकडे. गालाच्या हाडावर जांभळट-निळा डाग होता आणि सूज डोळ्याखालपर्यंत चढली होती. तिने काही विचारलं नाही. उतरताना मात्र हळूच म्हणाली, "माहेरी चालली का बाई? बरं केलं."

माझं लग्न झालेलं नाही. मला कोणी मारलेलंही नव्हतं. मी तीन दिवसांच्या नेमबाजी शिबिराहून परत येत होते. तो डाग बारा बोरच्या बंदुकीने दिलेला होता, आणि ज्यांनी ती माझ्या हातात दिली त्यांनी निरोप देताना पाठ थोपटून सांगितलं होतं, "हे तुझं पहिलं पदक. मिरव."

काळीपिवळीतल्या त्या बाईचा अंदाज चुकला, पण तिची नजर चुकली नव्हती. मुलीच्या तोंडावर असा डाग दिसला की काहीतरी बिनसलंय, एवढं तिला कळलं. शिबिरातल्या जाणकारांना तेवढंही कळलं नाही. हा लेख त्या जाणकारांशी भांडायला लिहिला आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. शॉटगन चालवताना गालाला मार बसत असेल, तर त्याचं कारण बंदुकीची ताकद किंवा तुमचा नाजूकपणा हे क्वचितच असतं. बहुतेक वेळा बंदूक चुकीची उचलली जात असते किंवा ती तुमच्या मापाची नसते. या दोन्ही गोष्टी शिकवणाऱ्याच्या हातात आहेत. म्हणून तो डाग शिकणाऱ्याचं पदक नसून शिकवणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा आहे.

"टाकीचे घाव सोसावे लागतात"

आधी शिबिरात काय झालं ते सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण भांडण एका जागेशी नाही.

ट्रॅप हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: समोरच्या खंदकातल्या यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची मातीरंगाची थाळी सुटते आणि उडत ७६ मीटरपर्यंत जाऊ शकते. नेमबाज खंदकाच्या १५ मीटर मागे उभा असतो. थाळी डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की सरळ, हे त्याला आधी माहीत नसतं. ती दूर जायच्या आत फोडायची. रायफलसारखा श्वास धरून नेम धरायला इथे वेळच नाही.

पहिल्या दिवशी माझ्या हातात एक दुनळी देण्यात आली. माझी उंची ५ फूट १ इंच. त्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग, उंचापुऱ्या पुरुषासाठी केलेला. शिकवणी अशी: "खांद्याला घट्ट लाव, गाल टेकव, घाबरू नको." पंचवीस काडतुसं झाली. दुपारनंतर आणखी पंचवीस. माझा गाल दस्त्यावर नेमका कुठे टेकतोय, टेकतोय तरी का, हे पाहायला एकदाही कोणी माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं नाही. संध्याकाळी गाल सुजला तेव्हा ऐकवलं गेलं, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तेव्हा ऐकलं, "मुलींना जास्त लागतं. त्वचा नाजूक असते."

ती म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. आपल्याकडे गणिताच्या मास्तरांपासून सासूपर्यंत सगळ्यांनी ती वापरलेली आहे. पण म्हण वापरणारे पाथरवटाला विसरतात. पाथरवट दगड कुठे ठिसूळ आहे ते आधी हात फिरवून पाहतो, टाकीचा कोन बदलतो, हातोडीचा जोर मोजतो. नाकाशी आला की जवळजवळ श्वास रोखून काम करतो. डोळे झाकून घाव घालणाऱ्याच्या हातून देव घडत नाही, दगड तडकतो. आणि तडकलेल्या दगडाला "तूच कच्चा होतास" म्हणणारा कारागीर आपण कारागीर मानत नाही. मग प्रशिक्षक का मानतो?

धक्का किती, आणि लागतो किती

शाळेत गतीचे नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचं उदाहरण हमखास येतं. गोळी पुढे, बंदूक मागे. पेपरात त्याचे गुण मिळतात आणि आपण ते विसरतो. आता तेच गणित ट्रॅपच्या बंदुकीवर करून बघा. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे. ते नळीतून बाहेर पडतात साधारण सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने. बंदुकीचं वजन समजा ३.६ किलो. ०.०२४ गुणिले ४०० म्हणजे ९.६; त्याला ३.६ ने भागलं की बंदुकीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला २.७ मीटर. छर्ऱ्यांच्या मागची प्लास्टिकची वाटी आणि दारूचा वायू यांचा वाटा धरला तर ३ मीटरच्या थोडा वर. म्हणजे पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे आमच्या रस्त्यांवर मुली सावकाश पळताना दिसतात ना, जवळपास त्या वेगाने साडेतीन किलोचं लाकूड-लोखंड तुमच्याकडे येतं.

हा आकडा छोटा नाही. पण तो जिल्हा चॅम्पियनलाही तेवढाच असतो आणि माझ्यासारख्या नवशिकीलाही तेवढाच. बंदुकीला समोर कोण उभं आहे ते कळत नाही. मग एकीचा गाल निळा आणि दुसरी दिवसभरात दीडशे काडतुसं उडवून घरी जाऊन भाकरी थापते, असं का?

कारण धक्का किती आहे आणि धक्का किती लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजायला आमच्या जिल्ह्यातली राइस मिल पुरेशी आहे. धानाचं पोतं हमालाच्या पाठीवर नीट टेकवून ठेवलं तर तो ते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. तेच पोतं दोन हात वरून पाठीवर सोडलं तर कंबरडं मोडेल. वजन एकच. फरक मधल्या फटीचा.

बंदूक आणि शरीर यांच्यात फट ठेवली की तो ३ मीटरचा वेग फटीत पूर्ण होतो आणि मग बंदूक येऊन आदळते. फट नसेल तर बंदूक आणि शरीर एकत्र मागे सरकतात, धक्का खांद्यातून पाठीत, पाठीतून पायांत उतरतो. पहिल्याला आपण लाथ म्हणतो. दुसऱ्याला म्हणायचंच झालं तर ढकलणं म्हणता येईल. गालाबाबत तर हे आणखी कडक आहे, कारण खांद्यावर मांस आहे आणि गालाच्या हाडावर नुसती कातडी.

मोठेबाबांची काठी

हे सगळं मला शिबिरात कळलं नाही. घरी कळलं.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, बँकेत सुरक्षारक्षक होते. बारा बोरची बंदूक घेऊन त्यांनी आयुष्य दारात उभं राहून काढलं. अंगाने काडी. वर्षाकाठी सरावाचे थोडेफार बार काढावे लागत तेवढेच, पण त्यांच्या गालाला कधी काही झाल्याचं घरात कोणाला आठवत नाही. माझा गाल पाहून ते हसले नाहीत आणि पाठही थोपटली नाही. कोपऱ्यातली काठी माझ्या हातात देऊन म्हणाले, "उचलून दाखव."

मी दाखवली. काठी खांद्याला लावली आणि मान खाली घालून गाल काठीवर नेला.

"हेच," ते म्हणाले. "तू बंदुकीले गाल नेऊन देतेस. मंग ते मारंल नाही तं काय करंल? बंदूक गालापाशी आन. गाल बंदुकीपाशी नेऊ नोको."

या एका वाक्यात तीन दिवसांच्या शिबिराचं शिक्षण होतं. पुढे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या प्रशिक्षिकेकडे शिकायला गेले तेव्हा त्यांनीही पहिल्या तासाला हेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे होते. ते क्रमाने मांडते, कारण हा लेख वाचणारी कोणी मुलगी उद्या मैदानावर उभी राहील आणि तिला कोणी सांगणार नाही.

सुरुवात पायांपासून. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याचा डावा पाय थोडा पुढे, वजन किंचित पुढच्या पायावर. नवशिकी मुलगी बंदुकीच्या वजनाला तोल द्यायला कमरेतून मागे वाकते. तशी उभी राहिली की धक्का तिला आणखी मागे ढकलतो, नळी वर उडते आणि दस्ता गालावर चढतो. पुढचा गुडघा ताठ न ठेवता सैल ठेवायचा.

मग मान. नजर थाळी येणार त्या जागेवर ठेवून, मान सरळ आणि किंचित पुढे, आधीच जिथे ठेवायची तिथे ठेवायची. त्यानंतर मान हलत नाही. हलते ती बंदूक.

दोन्ही हात एकदम वर येतात, पण पुढारपण नळीकडच्या हाताचं. नवशिके उजव्या हाताने दस्ता खेचतात, मग नळीचं टोक खाली झुकतं आणि सगळं वाकडं होतं. दस्ता आधी गालाला भिडतो, गालाच्या हाडाच्या लगेच खाली, दर वेळी त्याच जागी. आणि त्याच क्षणी खांदा थोडा पुढे येऊन दस्त्याच्या टोकाला भेटतो. आधी गाल, मग खांदा. "खांद्याला घट्ट लाव" या शिकवणीत क्रम उलटा होतो: दस्ता खांद्यात रुततो, मग डोकं त्याच्याकडे ओढावं लागतं, गाल पूर्ण टेकत नाही आणि फट राहते. माझी फट तिथे होती.

खांदा म्हणजे दंड नव्हे. हात समोर उचलला की गळ्याच्या हाडाच्या खाली आणि दंडाच्या सांध्याच्या आत एक खळगा तयार होतो. दस्ता तिथे बसला पाहिजे. तो बाहेर दंडावर गेला की बंदूक गालापासून लांब जाते, मग मान आडवी करून तिच्यापर्यंत पोचावं लागतं. दंडावर निळा डाग आणि गालावर निळा डाग जोडीने येतात ते याच कारणाने.

दात अलगद मिटलेले. गाल दस्त्याला चिकटलेला, दाबलेला नाही. आणि बार झाल्यावर थाळी फुटली का ते बघायला डोकं वर उचलायचं नाही. उत्सुकतेपोटी उचललेलं डोकं आणि मागे येणारा दस्ता यांची भेट ठरलेली असते.

हे सगळं काडतुसाशिवाय शिकता येतं. खरं तर काडतुसाशिवायच शिकावं. मैदानावर, बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासून, सुरक्षित दिशेला, शंभर वेळा नुसती उचलायची. घरी माझ्याकडे बंदूक नव्हती. गावातल्या सुताराकडून बंदुकीच्या मापाचा आणि वजनाचा एक लाकडी दांडा करून घेतला. दोन महिने आरशासमोर तो उचलत होते. डोळे मिटून उचलायचा, मग डोळे उघडून बघायचं, गाल त्याच जागी आहे का. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या की पोरीच्या अंगात येतं का.

उसना ब्लाउज

आता दुसरी अर्धी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. नीट उचलूनही बंदूक मारत असेल तर ती तुमच्या मापाची नाही.

मैत्रिणीचा ब्लाउज उसना घेऊन घातलाय कधी? काखेत काचतो, गळ्याशी उचलतो, आणि दोष आपल्या अंगाचा वाटतो. बंदुकीचं तसंच आहे. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो आणि दंडावर जाऊन बसतो. फार आखूड असेल तर चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा नाकावर येतो. दस्त्याची वरची कड फार खाली असेल तर गाल टेकायला काही नसतंच, डोकं हवेत राहतं आणि दस्ता खालून येऊन हाडावर लागतो.

त्यात जुन्या बंदुकींची एक खोड आहे. त्यांच्या दस्त्याची वरची कड पुढे उंच आणि मागे उतरती असते. बार होतो तेव्हा बंदूक मागे सरकते, म्हणजे पुढचा उंच भाग गालाखाली येतो. पाचर ठोकल्यासारखा तो गाल वर ढकलतो. लांब मान आणि उंच गालफडं असलेल्या मुलीला हा फटका थेट हाडावर. म्हणून ट्रॅपच्या अनेक बंदुकींना वरची कड समांतर असते, किंवा खालीवर करता येते. दस्त्याच्या टोकाचा कोन, दस्ता उजवीकडे किती वळवलाय, छातीशी येणारं त्याचं खालचं टोक किंचित बाहेर आहे का, या सगळ्याने फरक पडतो. "मुलींना जास्त लागतं" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. पुरुषाच्या मापाची बंदूक दिलेल्या मुलींना जास्त लागतं. बुटक्या पुरुषालाही लागतं, पण तो सांगत नाही.

यावर उपाय फार महाग नाहीत. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी. वरच्या कडेवर चिकटवायची फोमची पट्टी. क्लबमध्ये एक तरी आखूड दस्त्याची बंदूक. नवशिक्यांसाठी २१ ग्रॅमची हलकी काडतुसं. वायूच्या जोरावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक धक्का थोड्या जास्त वेळावर पसरवते, तीही शिकायला बरी. आणि एक गोष्ट उलटी वाटेल: लहान चणीच्या मुलीला "झेपेल" म्हणून फार हलकी बंदूक देऊ नका. बंदूक जितकी हलकी तितकी ती वेगाने मागे येते. वरचं गणित पुन्हा करून बघा.

गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आख्खं राज्य ओलांडून कोल्हापूरला जाते. त्या दुसऱ्या टोकाच्या कोल्हापूर जिल्ह्याने देशाला २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत दिली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत दिली, २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे दिला. हे सगळे रायफल-पिस्तुलाचे. कुसाळेने पदक जिंकलं त्या प्रकारातल्या रायफलचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघा. गाल टेकायची पट्टी खालीवर होते, खांद्याचं टोक लांब-आखूड होतं, स्क्रूच स्क्रू. त्या रायफलला धक्का नावापुरता असतो, तरी तिचा प्रत्येक भाग खेळाडूच्या अंगाच्या मापाने लावलेला असतो. तिथे कोणी म्हणत नाही की सोस. मग जी बंदूक खरोखर धक्का देते तिच्यासाठीच "जे आहे त्यात जमव" का?

वेदना काय शिकवते

सोसण्याच्या बाजूने एक युक्तिवाद मला मान्य आहे. खेळात शरीराला त्रास होतो. खांदे भरून येतात, पाय दुखतात. मी त्याबद्दल बोलत नाहीये. दमल्याचं दुखणं शरीराला मजबूत करतं. गालावरचा फटका शरीराला फक्त एक गोष्ट शिकवतो: डोळे मिट.

नेमबाजांना हे माहीत असतं. आठ-दहा फटक्यांनंतर शरीर बार होण्याच्या आधीच आकसायला लागतं. डोळे मिटतात, मान उचलली जाते, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. याला ते फ्लिंच म्हणतात. ते आहे की नाही हे ओळखायची युक्ती साधी आहे: प्रशिक्षक न सांगता बंदुकीत एक खोटं काडतूस घालतो. चाप ओढला, बार झाला नाही, तरी बंदूक जागच्या जागी उडी मारते. ती उडी नेमबाजाची असते. दुसऱ्या ठिकाणी माझ्यावर हा प्रयोग झाला तेव्हा माझी उडी पाहून मलाच लाज वाटली. ती घालवायला मला चार महिने लागले. तीन दिवसांत शिकवलेलं विसरायला चार महिने.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. आमच्या जिल्ह्यात बंदूक ही परदेशी वस्तू नाही. नागझिरा १९७० ला अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ ला राष्ट्रीय उद्यान. त्याआधीच्या शिकारीच्या गप्पा अजून ओट्यांवर जिवंत आहेत. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुक्कर मारायचं तर वन विभागाची परवानगी लागते, तो वेगळा विषय. पण अंधारात, धानाच्या बांध्यांमध्ये, बार होण्याआधीच डोळे मिटणारा माणूस कल्पून बघा. पलीकडच्या बांधावर दुसरा कोणी जागलीला बसलेला असू शकतो. ज्याला बंदुकीची भीती सहन करायला शिकवलं पण तिला नीट धरायला शिकवलं नाही, तो माणूस धोकादायक आहे. नक्षलग्रस्त भागातल्या चौकीत उभ्या राहणाऱ्या तरण्या शिपायालाही हेच लागू. त्याला कणखर करायचंय म्हणून लाथा खायला लावणारा उस्ताद त्याला घाबरट करून पाठवतो, फक्त ते घाबरणं पापणीत लपलेलं असतं.

"हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही"

शेवटचा आक्षेप सगळ्यात सभ्य आहे. शॉटगन हा राजेरजवाड्यांचा खेळ. काडतुसं महाग, बंदूक महाग. एवढं मापबीप कोणाला परवडतं? गावाकडच्या मुलीला संधी मिळतेय हेच खूप.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांच्या ट्रॅप संघाने रौप्य जिंकलं. संघात तिघी होत्या. राजेश्वरी कुमारी पटियालाच्या राजघराण्यातली. मनीषा कीर भोपाळजवळच्या गावातली, मासेमाराची मुलगी. प्रीती रजक इटारसीची, वडील कपडे धुण्या-इस्त्रीच्या व्यवसायात. ती पुढे सैन्यात सुभेदार झाली. मनीषा आणि प्रीती मध्य प्रदेश सरकारच्या भोपाळच्या अकादमीत घडल्या. मध्य प्रदेश आमच्यासाठी लांब नाही, वाघनदी ओलांडली की बालाघाट जिल्हा.

त्या तिघींनी एका रांगेत उभं राहून पात्रता फेरीत प्रत्येकी १२५ थाळ्यांवर बंदूक उचलली. प्रत्येक थाळीला दोन बारांची मुभा असते. म्हणजे प्रत्येकीने शेकडो सराव-दिवसांत आणि त्या दोन दिवसांत जे धक्के खाल्ले त्यांचा हिशेब लावा. "सोस" या एका शब्दावर कोणाचा गाल तेवढा टिकणार नाही. राजघराण्यातल्या मुलीला मापाची बंदूक घरातून मिळू शकते. मासेमाराच्या मुलीला ती कोणीतरी द्यावी लागते. भोपाळला सरकारने दिली. सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

म्हणून "संधी मिळतेय हेच खूप" हे वाक्य मला दानासारखं वाटतं, आणि दान घेणाऱ्याने दात मोजू नयेत असं आपल्याला शिकवलेलं असतं. मी दात मोजणार. शिबिर घेणाऱ्यांनी पहिला दिवस काडतुसाशिवाय ठेवावा. प्रत्येक मुलामुलीच्या बाजूला उभं राहून गाल कुठे टेकतो ते पाहावं. दोन मापांचे दस्ते ठेवावेत. गाल दुखला असं कोणी म्हणालं की त्याचं बार काढणं तिथेच थांबवून कारण शोधावं. कारण सापडेपर्यंत पुढचं काडतूस नाही. यातल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तो फक्त आपण चुकलो असू असं मानायचा मोठेपणा.

आणि तुम्ही शिकायला जात असाल तर एवढंच करा: दुखलं की बोला. "सवय होईल" हे उत्तर मिळालं तर पुन्हा बोला. मलाही सवय होत चालली होती, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या ठिकाणी शिकून परत आले तेव्हा पुन्हा तीच पहाटेची गाडी, तीच काळीपिवळी. आदल्या दिवशी शंभर बार काढले होते. गाल कोरा होता. या वेळी शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिने पहिल्या वेळी मला विचारलं असतं, "काय झालं?", तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुधा मी हसून म्हटलं असतं, काही नाही, होतं असं. शिबिरात मला नेमकं हेच शिकवलं होतं. आमच्या गावात निळे डाग घेऊन वावरणाऱ्या कितीतरी बायका नेमकं हेच म्हणतात.